पाण्याला वाट

बाप आता वेल्डिंग करत नाही, ऐकतो.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात चहाचा मग,
उपड्या क्रेटवर बसून सांगतो:
"बेकन तळल्यासारखा आवाज हवा.
हा फुरफुरतोय. हात सावकाश."
मी हात सावकाश करते.

बेथेस्डाच्या वर, पाटीच्या दगडाच्या ढिगाऱ्याखाली आमची शेड.
बाहेर नोव्हेंबर, आडवा पाऊस,
आणि मेंढ्या, ज्यांना कशाचंच काही नाही.
आत चार ठोकळ्यांवर त्रेसष्ट सालची हेराल्ड,
वरून अजून पिस्ता रंगाची, लग्नाला निघाल्यासारखी;
खालून मात्र
स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो,
मूठभर तांबडा भुगा हातावर देऊन.
हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आमच्याकडे.
खाल्ल्या मिठाला कोण जागतं?
हिच्या पोटात मीठच जागं राहिलं, रात्रंदिवस.

तयार भाग इंग्लंडहून मागवता येतात.
"त्या किमतीत जातिवंत मेंढा येतो," इद्वल म्हणाला.
म्हणून मग कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे नमुने,
खडूच्या रेघा,
आणि बंद पडलेल्या टपाल कचेरीतले रॅक:
तीन मिलिमीटरचा अँगल,
एकावर 'लानबेरिस' अशी अर्धी चिठ्ठी अजून चिकटलेली.
ती मी घासली नाही. ठिणगीनेच गेली.

कापण्याआधी दारांत आडवे दांडे टाचले,
नाहीतर कणा काढला की अंग मिटतं
आणि दारं जन्मभर कुरकुरतात.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फीत धरली:
दोन मिलिमीटरचा फरक.
"चालेल," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही, म्हणजे चालणार नव्हतं.
जॅक पाव फेरा फिरवला.

एका दमात लांब टाका ओढायचा नाही.
इथे बोटभर, मग पलीकडे बोटभर,
मग उठून पाय मोकळे करायचे.
घाई केली की लोखंड रुसतं,
तोंड फिरवून बसतं.

डाव्या बाजूचा शेवटचा बाहू कापला,
तर आत एक जुनं ठिगळ.
शिवण अशी, की कुणी नाणी एकावर एक सरकवत
ओळीने आडवी पाडावीत,
सगळी किंचित डावीकडे कललेली.
बाप उजवा. त्याचे टाके म्हणजे गोगलगायी,
साऱ्या खोऱ्याला माहीत.
"हे कुणी केलं?"
त्याचं बोट धरून मी शिवणीवरून फिरवलं.
बोट थांबलं. मागे गेलं. परत पुढे आलं.
"मेरेरिदनं. त्र्याऐंशीत."

आईचा हात मला आठवतो तो
फक्त टॉर्च धरलेला,
आणि तोही "नीट धर" ऐकत.
"तू तर सगळ्यांना सांगायचास की..."
"हो. सांगायचो."

चहा निवला. बाहेर एक मेंढी माणसासारखी खोकली.

"माझ्यापेक्षा चांगलं काम," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.
"फारच चांगलं. चारी बाजूंनी घट्ट.
सुईच्या टोकाएवढी फट ठेवली नाही.
म्हणून तर जे पाणी वरून कुठून शिरलं
ते आतच राहिलं.
चाळीस वर्षं."

मी नवा बाहू शिकंज्यात धरला.
तळाला, जिथे सगळं उतरून येतं त्या जागी,
सहा मिलिमीटरचं ड्रिल लावलं.
त्याने कान दिला.
"अजून एक," म्हणाला. "मागच्या टोकाला."

ठिगळ भंगारात टाकलं नाही;
खिडकीत आहे, खिळ्यांच्या डब्याशेजारी.
मंगळवारी तपासणी. तपासनीस हातोडीने ठोकत जाईल,
काळ्या रंगाखालची टपाल कचेरी त्याला ओळखू येणार नाही.

आज दांडे काढले.
बाप क्रेटवरून उठला, चाचपत आला,
दोन बोटांनी दार लोटलं.
खट्.
त्याने ते उघडलं,
आणि परत लावलं.