परतीची नळी

इंजिन मालेगावहून आलं
गोणपाटात गुंडाळून, कांद्याच्या गोण्यांमधून,
आणि त्याला तोंड नव्हतं.
मॅनिफोल्डवर नुसतं भोक, भोवती चार स्टड,
त्यातला एक वाकलेला.

शेनफडू भोईचा फार्गो पारोळ्याच्या बायपासला
बॉनेट उघडून उभा. मागे आकाशपाळणा तसाच बांधलेला,
निळ्या-पिवळ्या पेट्या,
एकीत कुणाची तरी कोंबडी बसलेली.
जुना ब्लॉक तडकला सारंगखेड्याहून येताना,
पण दुखणं त्याच्याआधीचं:
वैशाखात, लळिंगच्या चढावर,
कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उकळायचं.
गाडी खोकायची. थांबायची.
शेनफडूची बायको उतरून नळीला ओलं लुगडं गुंडाळायची
आणि सगळे बाभळीखाली बसायचे
लोखंडाचा ताप उतरेपर्यंत.

हिलाल मिस्त्रींनी त्यांचा कार्बोरेटर
पितळी जेटांसकट फडक्यावर मांडला.
मी शेजारी ठेवली थ्रॉटल बॉडी,
भंगारातली, एका इंजेक्टरची,
मागे शेपटासारख्या सतरा वायरी.
"हाई काय शे रे?"
तेच आहे, मिस्त्री. फक्त ही अंदाज नाही करत, मोजते.
"आन् मी काय करी ऱ्हायनू चाळीस वरीस?"

ते ऐकायचे.
पाव आटा स्क्रू फिरवून मान तिरकी करायचे,
की झालं.
आता डावा कान गेलाय, उजवा निघालाय.
म्हणून लांब स्क्रू-ड्रायव्हर दातात धरतात,
टोक इंजिनावर,
आणि हाडांतून ऐकतात.
गिऱ्हाइकांना वाटतं सवय आहे.
मला माहीत आहे, म्हणून मी पुढे बोललो नाही.

भोकं जुळेनात.
इस्माईलच्या लेथवर अर्ध्या इंची ॲल्युमिनियमची प्लेट कातली,
खाली चार भोकं इंजिनाची, वर तीन बॉडीची,
मधे गळा.
त्यात त्यांनी बोट फिरवून पाहिलं,
बाया माठ घेताना पाहतात तसं.
गॅस्केट मी कापलं लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून.
'आपली उपस्थिती प्रार्थ' एवढं उरलं,
बाकी भोकात गेलं.

टाकीत पंप सोडला. दोन नळ्या ओढल्या,
एक जाणारी, एक येणारी.
"येनारी कसाले?"
लागेल तेवढं इंजिन घेतं, उरलेलं टाकीत परत.
फिरत राहतं, म्हणून उकळत नाही.
ते पाना हातात धरून थांबले.
"उरेल परत देस?"
असं विचारलं, जणू मी गावातल्या
एखाद्या माणसाबद्दल बोललो होतो.

चालू झालं. पण आयडल वर-खाली, वर-खाली,
दमा असल्यासारखं.
मी लॅपटॉपच्या आकड्यांत शोधत बसलो.
मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर दातात धरला, काढला,
आणि देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उपसली.
मी ओरडलो, पेट्रोल!
त्यांना ऐकू गेलं नाही.
प्लेटच्या कडेनं त्यांनी धूर फिरवत नेला,
सरळ, सरळ,
'प्रार्थ'पाशी तो वाकला आणि आत गेला.
पत्रिका चोरून हवा पीत होती.
त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.
तिथं फक्त बोट ठेवलं.

दुसरं गॅस्केट खऱ्या कागदाचं. त्याचे वीस रुपये
त्यांनी बिलात लावले नाहीत, माझ्या पगारात लावले.

वैशाखात, भर दुपारी दोनला, शेनफडूचा फोन आला
लळिंगच्या माथ्यावरून.
बोलला काही नाही. बॉनेटात धरला असावा,
नुसती घरघर, एकसारखी.
मी फोन मिस्त्रींना दिला.
त्यांनी तो कानाला लावला नाही,
जबड्याच्या हाडावर दाबला,
डोळे मिटले
आणि दुसऱ्या हातानं
त्या जुन्या कार्बोरेटरचा
केव्हाचा सुकलेला गळा
पुसत राहिले.