हिवरखेडा मुक्कामी

पहाटे पाचला गाडीच्या उजव्या आरशात
आधी अंधार दिसतो, मग लिंबाचं झाड,
मग मी.
जिंतूरची पहिली फेरी सहा दहाला.
तेवढ्यात दाढी उरकायची.

पाणी बोअरचं, खारं.
ब्रश कितीही फिरवा, साबण फेसाळत नाही,
गालावर नुसते चुन्याचे ठिपके.

पत्र्याच्या पेटीत दोन रेझर.
एक पिवळं, प्लास्टिकचं,
डेपोसमोरच्या टपरीवर तोरणासारखी लटकतात तसलं.
वजन म्हणाल तर तिकिटाएवढं.
दोनदा बरं चालतं, तिसऱ्यांदा ओढतं,
चौथ्यांदा शिव्या, आणि खिडकीतून बाहेर.
येलदरीच्या रस्त्याला असं किती पिवळं बियाणं पेरलं मी,
उगवलं एकही नाही, आणि कुजलंही नाही.

दुसरं पितळेचं, सासऱ्यांनी दिलेलं.
बुडाशी पिळलं की माथ्यावर दोन दारं उघडतात
देव्हाऱ्याची उघडावीत तशी,
आत पातं.
सासरे मानवतच्या जिनिंगात काट्यावर होते,
जन्मभर दुसऱ्याचा कापूस तोलला.
म्हणाले, जावईबापू, दाबायचं नाही.
त्याचं वजन त्याला पुरतं.
आपण फक्त वाट दाखवायची.

मी दाबलं.
पहिला महिना हनुवटीला पेपरचे कपटे चिकटवून
तिकिटं फाडली.
चारठाण्याची एक म्हातारी म्हणाली,
मास्तर, तोंडाला बी पंच मारून घेतला का काय?

आमचा ड्रायव्हर मैनोद्दीन.
छातीपर्यंत दाढी त्याची,
आणि दाढी करण्यावरचा सल्ला दाढीपेक्षा लांब.
'पैले गरम पानी की पट्टी रख,
बालां कू नरम होने दे,
पत्ती का झगडा बाद में.'
आणि शाळेमागच्या चुलीवरून
स्वतःच मगभर पाणी घेऊन येतो.

मागच्या मंगळवारी पितळेचं पारावरच राहिलं.
येलदरी उतरल्यावर आठवलं.
आठ दिवस पिवळ्यावर काढले.
मिरचीच्या हाताने तोंड पुसावं
तसे गाल.
घरी काही बोललो नाही. बायकोला
रेझरपेक्षा सासऱ्यांचंच विचारलं असतं तिनं.

आज परत हिवरखेडा.
डावा गाल पिवळ्याने झाला तेवढ्यात
आरशात लिंबाच्या बाजूला एक पोरगं उभं.
अच्युत. दहावीला आहे, पासवर येतो.
हातात रुमाल, रुमालात जड काहीतरी.
'मास्तर, तुमचं राहिलं होतं.'

ओठावरची लव गेलेली.
नाकाखाली एक आडवी खपली,
तिच्यावर हळद.
मी काही विचारलं नाही.
बुड पिळलं, दारं उघडली.
पातं धुऊन, पुसून, वाळवून ठेवलेलं,
एवढं मी कधी ठेवलं नाही.
फक्त एका दाराच्या बिजागरीत
एक केस अडकला होता,
भुरा, मऊ,
केस म्हणावा की नाही असा.

आरशातच बघत म्हणालो,
दाबायचं नाही बरं का.
त्याचं वजन त्याला पुरतं.

तो कानापर्यंत लाल झाला.
खाली बघून चपलेने माती उकरायला लागला.
मग हळूच,
'त्यापरीस पिवळंच घेऊ का मास्तर?
दहा रुपयाला यायलंय.'

तेवढ्यात मैनोद्दीनने हॉर्न दिला,
एकदा नाही, तीनदा.
उत्तर द्यायचं राहून गेलं.
उजवा गाल घाईघाईने पितळेने केला,
तरी न दाबता.

जिंतूरपर्यंत खच्चून गर्दी.
सुट्टे नाहीत, शेळीचं तिकीट लागतं का, नेहमीचं.
आणि प्रत्येक थांब्यावर माझा हात
आपोआप
उजव्या गालावरून फिरायचा.
डाव्याला एकदा लागला, लगेच खाली घेतला.

मागच्या दारापाशी अच्युत दांडा धरून उभा,
माझ्या हाताकडे बघत.
पास दाखवायचा विसरला.
मीही मागितला नाही.