सोळा इंच

लिओटा हॅस्किन्स आली ती मंगळवारी दुपारी,
दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळी.
बुटांना नेब्रास्काचा गोठलेला चिखल,
हातात पाईचा पत्र्याचा डबा,
आणि काखेत, उशीच्या अभ्र्यात, काहीतरी लांबट.
"दोन्ही एका जागी ठेवायचं नाही, डेल्बर्ट म्हणायचा.
एक स्वयंपाकघरात, एक गोठ्यात.
का, ते मी कधी विचारलं नाही."

डब्यात पिस्तूल होतं. बावीस बोअरचं,
नेमबाजीचं, नळी साडेपाच इंच.
मुठीच्या पाठीला कानशीनं काढलेली खाच,
इतकी सरळ की अख्ख्या काउंटीत
ती एकाच माणसाची असू शकते.
अभ्र्यातून निघाला अक्रोडाचा दस्ता,
गालाशी टेकतो तिथे तुळतुळीत,
खांद्याशी टेकतो तिथे काळवंडलेला.

मी तो खाचेत बसवला नाही.
बसवून बघावासा वाटला, खोटं कशाला बोलू.
पण माझा परवाना मागच्या भिंतीवर टांगलेला असतो
आणि तो बघत असतो.

म्हटलं, बाई, हे असं आहे:
हे लोखंड एकटं निर्दोष.
हे लाकूड एकटं निर्दोष, शेगडीत घातलंत तरी कोण विचारतो.
दोघं जोडली की मात्र नाव बदलतं.
खांद्याला टेकतं ते पिस्तूल नव्हे, रायफल,
आणि रायफलीला नळी हवी सोळा इंच.
साडेदहा इंच कमी पडतात.
त्याचे, कोर्टाच्या मनात आलं तर, दहा वर्षांपर्यंत तुरुंग.

"मग रीतसर करायला काय पडतं?"

पिस्तूल बाजारात दोनशे चाळीसचं.
सरकारी मुद्रांक, तेव्हा, दोनशेचा.
म्हणजे जवळजवळ जेवणाइतकीच दक्षिणा.
दोन फोटो, शेरीफची सही,
दहाही बोटांचे ठसे, दोन प्रतींत,
आणि सात-आठ महिने वाट.
पण हे सगळं आधी.
खाच पडायच्या आधी.
नंतर मुद्रांक मिळत नाही, मेलेल्याला तर नाहीच.

तिनं पर्स उघडली.
घडी घालून घालून कापडासारखा झालेला एक लिफाफा.
आत अर्ज. एक नव्हे, तीन.
तिन्ही परत आलेले, तेच वाक्य टाइप केलेलं:
ठसे अस्पष्ट, पुन्हा घ्यावेत.
तिन्ही वेळचे दोनशेचे चेक, न वटवलेले.

मी ते कार्ड दिव्याखाली धरलं.
रेषा नव्हत्याच. दहा काळे ओघळ,
ओल्या शाईवरून कुणीतरी बाही फिरवावी तसे.

"हात," ती म्हणाली.
"चौऱ्याण्णवपासून. कॉफी अर्धीच भरायचे मी.
शेरीफचा पोरगा त्याचं मनगट दाबून धरायचा,
तरी बोट थरथरायचंच.
तो एकदाच म्हणाला,
माझा हात स्थिर असता तर
मला हे लाकूड लागलंच नसतं, लिओटा."

माझ्या फळीवर अजून त्याची ढाल आहे,
एकोणऐंशीची, पहिल्या क्रमांकाची.
त्याने ती इथेच ठेवलेली, घरात जागा नाही म्हणून.
दुकानात आला की तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा.
मी समजत होतो, विनय.

खाच मी पितळानं बुजवून दिली.
कानस मारली, पॉलिश केलं.
एवढं सरळ काम बिघडवताना
माझाच हात जरा अडला.
बारा डॉलर घेतले.
घेतले नसते तर तिला राग आला असता.

पिस्तूल तिनं मलाच विकलं.
लाकूड घेऊन गेली.

काचेतून दिसत होती. पिकअपमध्ये बसलेली,
इंजिन बंद, काचा हळूहळू धुरकट होत चाललेल्या.
तिनं दस्ता खांद्याला लावला,
काळवंडलेल्या जागेवर गाल ठेवला,
नाही, गालाची जागा दुसरी, मी चुकतोय,
तिनं उलटा धरला होता.
ज्या बाजूला त्याचा खांदा असायचा
तिथे तिचा गाल.

पाईचा डबा विसरली.
फोन केला दोनदा, नेईन म्हणाली.
त्यात आता मी स्क्रू ठेवतो.