मधली जागा

पांढरीपांडे सर सांगायचे,
चेंडूकडे पाहू नको, चेंडू फाऊल करत नाही.
दोन अंगांच्या मधून उजेड दिसतो का, ते पाहा.
दिसेना, तर पाय हलव.

शिवाजीनगरच्या कोर्टावर डिसेंबरात
दिव्यांभोवती धुरकट गोळे धरतात.
कोपऱ्यातलं सिमेंट उखडलंय जरा,
तिथेच, बेसलाइनबाहेर, मी तिरका उभा राहतो.
अगदी मागून पाहिलं की पाठी दिसतात नुसत्या,
बर्डीच्या दुकानात
एकामागे एक अडकवलेल्या जर्स्यांसारख्या.
दोन पावलं डावीकडे सरकलं
की जर्स्यांतून माणसं सुटी होतात:
कोपर कोणाचं, हात उभा होता की खाली आला,
पाय आधी रोवले
की धडकेनंतर.

त्या संध्याकाळी मी एक पाऊल मागे राहिलो.

अठरा सेकंद, एका गुणाचा फरक.
प्रणोती नंदनवार उजवीकडून आत घुसली,
रिंगखाली शिफा.
थाड्.
दोघी खाली.
माझ्या डोळ्यांपुढे फक्त प्रणोतीची पाठ
आणि घामानं चिकटलेला बारा आकडा.
मी आवाजालाच शिट्टी दिली.
दोन्ही हात कमरेवर ठेवले. ब्लॉक.
शिफाचं पाचवं.

"काऊन सर, मी त उभीच होती ना."

एवढंच. बाकावर जाऊन बसली,
बुटाची नाडी सोडू लागली, हळूहळू,
जणू गाठ तिनं नव्हे, दुसऱ्याच कोणी मारली होती.
भांडली असती तर टेक्निकल दिला असता,
त्याला निदान हातांची खूण आहे.
'मला दिसलं नाही' याला
अख्ख्या नियमपुस्तकात खूण नाही.
प्रणोतीनं दोन्ही फ्री थ्रो टाकले.
तिचे कोच माझा हात जरा जास्तच वेळ धरून होते.

सकाळी साडेसहाला मी परत कोर्टावर.
प्लास्टिकच्या दोन खुर्च्या रिंगखाली आणल्या,
एक समोर, एक तिला टेकायच्या बेतात.
बेसलाइनवरून पावलं मोजली.
पहिल्याला एकच खुर्ची. दुसऱ्याला एक, जाडसर.
तिसऱ्याला मध्ये बोटभर उजेड,
आणि त्या उजेडात
झाडू थांबवून माझ्याकडे पाहणारा सुखदेव.

"सर, आता खुर्च्यायले बी शिट्टी मारता का जी?"

मी हसलो.
शिफा उभी होती की नव्हती,
खुर्च्यांना काय माहीत.
मी आणखी अर्धं पाऊल सरकलो.