दोन टिचक्या

पुंता अरेनासमध्ये वारा असा, की
काही चौकांत दोर बांधलेले असतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
रात्री दहाला मी दोर धरत धरत
रेनाताच्या घरी पोचायचे.
बूट दारात. केस पुन्हा बांधून.
हात कोपरापर्यंत धुऊन.

बाहेर हवाच हवा,
आणि आत एका सात वर्षांच्या पोरीला
ती मोजून द्यायची.

मी शिकून आले होते.
नळी किती आत, किती वेळ,
दहा सेकंदांवर एकही नाही.
आमच्या बाई सांगायच्या, सक्शन करताना
आपणही श्वास रोखून धरा,
तुमचा जीव घाबरला की समजा, तिचाही घाबरला.
मला वाटायचं, यातच सगळं आलं.

पहिल्याच आठवड्यात तिनं
खाटेच्या दांड्यावर दोन टिचक्या मारल्या.
मी हातमोजे घातलेले, पाकीट फोडलेलं,
कोण लक्ष देतं टिचक्यांकडे?
काम चोख झालं. आकडा अठ्ठ्याण्णव.
तिनं मान भिंतीकडे वळवली
ती उजाडेपर्यंत.

"दोन म्हणजे थांब," ग्रिसेल म्हणाली,
कारखान्यात खेकडे सोलायला निघता निघता,
एक बाही घातलेली, एक लोंबती.
"एक म्हणजे, कर आता.
कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

फाइलमध्ये वजन होतं, नळीचा नंबर होता,
कुठल्या औषधानं पुरळ येतं तेही होतं.

दिवसा मशीन नसतं तेव्हा ती
हनुवटीनं नळीचं तोंड झाकून बोलते.
एक शब्द. मग हवा. मग दुसरा.
त्यामुळे फालतू काही बोलत नाही.
मला म्हणाली होती,
"हात." हवा. "थंड."
तेव्हापासून मी आल्याबरोबर
आधी शेगडीपाशी उभी राहते.
आजोबा हसतात. आयुष्यभर मेंढ्या कातरलेला माणूस,
म्हणतो, आम्हीही कात्री गरम करायचो बाई,
नाहीतर मेंढी उधळते.

मग ऑगस्टमधली ती रात्र.
पत्रे उडाले कुणाचे तरी, तारा तुटल्या,
अख्खी आळी काळोखात.
मशीनची बॅटरी अर्धा तास म्हणत होती,
नऊ मिनिटांत गेली.

मी नळीला पिशवी जोडली आणि दाबू लागले.
दाब, सोड. दाब, सोड.
दाबसोडदाबसोड.
ग्रिसेलच्या हातातला टॉर्च थरथरत होता
की मीच, कळेना.
बाई काय म्हणायच्या, काही म्हणजे काही आठवेना.

मनगटावर टिचकी.
दोन.

मी थांबले. खरंच थांबले,
पिशवी हातात, आणि तिच्या छातीवर काहीच नाही,
ते दोन क्षण मला अजून पुरतात.

मग एक.
दाबली.
तिनं छाती भरू दिली, रिकामी होऊ दिली,
घाई नाही, जणू कुणाला पोहायला शिकवतेय.
एक.
दाबली.

आजोबा कोळ्यांच्या धक्क्यावरून
जनरेटर घेऊन येईपर्यंत पंचेचाळीस मिनिटं.
तेवढा वेळ ती बोटानं सांगत होती
आणि मी दाबत होते.
मध्ये एकदा तिला जांभई आली.

नोंदवहीत लिहिलं:
२.४० ते ३.२५, हातानं श्वास दिला. रुग्ण स्थिर.
खाली सही माझी.
पेन ठेवलं, परत उचललं,
सहीपुढे जागा होती थोडी,
काय लिहावं ते सुचलं नाही.

सकाळी निघताना वारा पडला होता.
मी अंगात कोट चढवला, तेवढ्यात खाटेवरून
हनुवटी खाली गेली.

"हात."
हवा.
"गरम."
हवा. बराच वेळ हवा.
"होते."