लाल-निळी पेन्सिल

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, उत्तरेचा उजेड.
मी भास्कर टिपणीस, ट्रेसर, पगार अठ्ठावन्न रुपये,
नद्या काढायचो.
इटलीतल्या, जन्मात न पाहिलेल्या,
बुटाच्या टोकापासून पोटरीपर्यंत
एकामागून एक, सगळ्या आडव्या.
साहेब म्हणायचा, नदी जाड काढू नकोस.
जनरल लोकांना बारीक नदी आवडते.

त्यांचं बोट नकाशावरून फिरे,
आणि इथे, खिडकीखालच्या धक्क्यावरून,
बोट सुटे.
मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे.
हे मी साहेबाला सांगितलं नाही.
घोंगड्या, खेचरं, तुपाचे डबे,
आणि डेकवर टोप्या, टोप्या,
वरून टाचण्यांच्या डोक्यांएवढ्या.

आपल्या बाजूचा डावपेच सोपा:
नदी आली की ओलांडायची.
त्यांच्या बाजूचा त्याहून सोपा:
ओलांडू द्यायची,
आणि पुढच्या नदीवर जाऊन बसायचं.
मला काय, मी पुढची नदी काढायला घ्यायचो.

चव्वेचाळीसच्या एप्रिलात, दुपारी चारच्या सुमारास,
खिडक्या आत आल्या.
गोदीत एकाच जहाजात
कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा.
ही योजना कुठल्या जर्मनाची नव्हती.
काचेचा तुकडा येऊन बाविसाव्या नदीत रुतला,
दुसरा माझ्या मनगटात.
साहेबाने धुळीतून विचारलं, नकाशा शाबूत आहे ना?
मी हो म्हटलं, आणि खळ शोधायला लागलो.
मांडवीकडे आभाळ जळत होतं.

सगळं संपल्यावर दोन पेट्या आल्या, नकला करायला:
पकडलेले नकाशे, त्यांच्याकडचे.
तीच नदी. तेच वळण,
माझ्याहून देखणं, चुनाभट्टीसकट.
आमच्याकडे शत्रू निळा.
त्यांच्याकडे ते स्वतः निळे.
म्हणजे लाल ते आपणच, इकडेही, तिकडेही.
एवढी माणसं मारून
दोन सेनापतींचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं,
की आपले मराठे
पेन्सिलीच्या कुठल्या टोकाचे.

धोंडू कासुर्डे त्या दिवाळीत शिपाई लागला.
आधी परळला साच्यावर, मग पलटणीत, मग आमच्याकडे.
चहा ठेवता ठेवता थांबला.
"ही आमची नदी."
उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.
उरलेल्यातलं एक त्याने वळणावर टेकवलं,
जनरलसारखं नाही,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावं तसं.

"हितं चिखल हुता, मांडीएवढा. त्यो कुठं हाय?"
मी म्हटलं, चिखलाला खूण नसते.
"तीन रात्री पूल बांधला. तिन्ही येळा नदीनं न्हेला."
वाहून गेलेल्या पुलालाही नसते, धोंडू.
"आनि रामा येरुणकर?"
मी दौतीचं झाकण लावलं.

मग त्याने त्यांचा नकाशा बराच वेळ पाहिला.
"ह्यांचा म्हातारा शाना.
मागं सरताना पूल मोजून उडवायचा.
माघारीला बी अक्कल लागती, भाऊसाहेब.
आमच्यावाल्याला मागं जायचं ठावंच नव्हतं.
म्हणून जिकला."
असं म्हणून तो हसेल असं मला वाटलं.

साहेब जिमखान्यावर गेला होता.
मी पेन्सिल पुढे केली, लाल टोक त्याच्याकडे करून.
काढ म्हटलं, चिखल कुठे होता तो.
त्याने ती तीन बोटांत धरली,
उलटी केली, निळं टोक पाहिलं,
पुन्हा उलटी केली,
कानावर खोचली, आणि कपबशा गोळा करून गेला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती,
दोन्ही टोकं नव्याने तासलेली.
नकाशावर एक रेघ नव्हती.
बाविसाव्या नदीवर, खळीने चिकटवलेल्या जागी,
बशीचा ओला गोल तेवढा उमटला होता,
तो मी नकलेत घेतला.