ट्रंक कॉल

डॉक्टर वाघेला म्हणाल्या, तुम्हीच ऐका,
आणि नळ्या माझ्या कानांत घातल्या.
काही नव्हतं. म्हणजे होतं,
पण भिंतीपलीकडे कुणी
ओल्या फडक्यात गुंडाळून काही कुटतंय, तसं.

मी चौतीस वर्षं बडोद्याच्या एक्स्चेंजात काढली.
भुसावळ खरखरायचं, नागपूर मधेच बुडायचं.
खराब लाइन मला कळते.

भुरियो टेबलावर, चार पाय चार दिशांना,
हिरड्या जुन्या चुन्यासारख्या.
सोमवारी दांडिया बाजारात, आमच्या जिन्यात,
सातव्या पायरीवर तो बसला नाही, पडला.
मग उठून माझ्याकडे असं बघितलं
की जणू मीच ढकललं.

पडद्यावर त्यांनी पेन टेकवलं.
हे हृदय. ही भोवतीची पिशवी, रक्तानं तट्ट.
आणि हे, उजव्या कानाशी लोंबतंय, बोराएवढं.
हृदयाला कान असतो?
"तसंच म्हणतात, बेन."

सुई गेली. सिरिंजमागून सिरिंज,
कोकमाच्या आगळासारखं गडद.
तीनशे दहा मिलिलिटर.
आकडा मी पिशवीवरच लिहून घेतला, सवय.
रक्त असून ते गोठेना.

पुन्हा नळ्या कानांत,
आणि लाइन लागली.
खणखणीत. शेजारच्या खोलीतून बोलावं इतकी.
मी जवळजवळ म्हणाले, बोला.

"परत भरेल. आठ दिवस, फार तर महिना.
आणंदला कापून बघतील, पण अकरा वर्षांचा आहे हा,
आणि ती गाठ फुटते."

तीन मिनिटं झाली की आम्ही मधे शिरायचो:
वेळ संपली, वाढवायची?
लोक पैसे मोजत गप्प व्हायचे, मग हो म्हणायचे.
एकदा सुरतेहून एक माणूस म्हणाला,
नको, सांगून झालं सगळं,
आणि रिसीव्हर धरूनच राहिला.
पलीकडचीही ठेवेना.
मी प्लग ओढला नाही.
मेमो मिळाला त्याबद्दल, बावीस रुपये कापले.

रिक्षातून उतरल्या उतरल्या भुरियोनं
अमीनांच्या स्कूटरवर रोजच्यासारखा पाय वर केला.
अमीन गॅलरीतून ओरडले.
मी आज सॉरी म्हटलं नाही.

रात्री नुसताच कान त्याच्या बरगडीला लावला.
त्याला ते आवडत नाही.
तो उठला, अंग झटकलं,
आणि दाराशी, माझ्या चपलांवर जाऊन निजला.